गोदा सुतारणीची निशाणी

कल्याणच्या बंदरावर फट शोधावी ती नाथा सुतारानेच. ओहोटीला मचवा चिखलात बसला, की हा बाबा लाकडी मोगरी घेऊन त्याच्या पोटाशी उकिडवा बसायचा, एकेक फळी ठोकायचा आणि कान लावून ऐकायचा. मालक वैतागायचा. "अरे, गेल्या महिन्यातच बुजवलीस ना ती?" नाथा म्हणायचा, "मी बुजवली म्हणूनच बघतो." घ्या! स्वतःच्या हातावर ज्याचा भरवसा नाही, तो जगावर कुठून ठेवणार? राळेत भिजवलेला कापूस फटीत ठासायचा, वरून लेप द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी मोगरी घेऊन पुन्हा हजर. त्याने बुजवलेल्या मचव्यात कधी थेंबभर पाणी शिरलं नाही, हे खरं. बंदरावर त्याला एकही जिवाभावाचा माणूस नव्हता, हेही खरं.

घरी तीच तऱ्हा. तेल आणलं की आधी हुंगायचा. पाहुणा आला की तो पाणी पिऊन होईपर्यंत हा मनात म्हणायचा, आला कशाला असेल? बायको तुळसा तोंडाची फटकळ होती. "अवो, मला लगीन करून आणली तवा तरी ठोकून बघितलीत का नाय?" असं ती चारचौघांत विचारायची. लोक हसायचे. नाथा हसायचा नाही.

पण त्याचा संशय काही आभाळातून पडलेला नव्हता. नाथा मूळचा इथला नव्हेच. उत्तरेला जंगलात एक लहानसं संस्थान होतं, तिथल्या राजाची ती रयत. बावीस वर्षांपूर्वी, कल्याणला आगगाडीचे रूळ नुकते पडत होते तेव्हाची गोष्ट. संस्थानाचा एक शिपाई नाथाला वेठीला धरायला आला. नाथाचा बाप मरून पंधरा दिवसही झाले नव्हते. शिपायाने कोपऱ्यातली बापाची हत्यारं लाथेने उडवली आणि नाथाचं डोकं फिरलं. त्याने लाकूड तासायच्या वाकसाचा दांडा शिपायाच्या पाठीत घातला. शिपाई कोसळला. तो उठतो की नाही हे बघायला नाथा थांबलाच नाही. त्याने नदी ओलांडली, इंग्रजांच्या मुलखात शिरला आणि थेट कल्याणच्या खाडीवर येऊन थांबला. त्यानंतर त्याने ती नदी कधी ओलांडली नाही.

त्याची आई, गोदा, मागे राहिली. दर माघात गावातल्या बायांबरोबर ती चालत टिटवाळ्याच्या गणपतीला यायची. तळ्याच्या काठी मायलेक अर्धा दिवस बसायचे. ती नाचणीची भाकरी सोडायची आणि दर वर्षी तेच सांगायची, "नाथ्या, कोण नाय शोधत तुला. घरला ये." नाथाच्या मनात लगेच चक्र सुरू. हिला कुणी पढवून तर पाठवलं नसेल? म्हातारीच्या आडून मला ओढायचा बेत तर नसेल? ती ते ओळखायची आणि हसायची. "रांगत होतास तवापास्नं असाच हायस तू. ठोकून बघितल्याबिगर कायपण घेत नाय."

त्या वर्षी माघात ती आली नाही.

फाल्गुनात लाकडाच्या गाड्या घेऊन संस्थानातला गणू गाडीवान बंदरावर आला आणि त्याने नाथाच्या हातात एक घडी घातलेला कागद ठेवला. "तुज्या भैनीनं, शेवंतीनं दिलाय." नाथाला अक्षर ओळखू येत नव्हतं. तो कागद घेऊन कचेरीसमोर बसणाऱ्या महिपतराव अर्जनविसाकडे गेला. महिपतरावांनी वाचलं, "गोदा सुतारीण अंथरुणाला खिळली आहे. डोळे तुझ्या वाटेकडे लागले आहेत. असशील तसा निघून ये." खाली निशाणी होती.

ज्याला लिहिता येत नाही त्याने आपल्या धंद्याची निशाणी करायची, हा तेव्हाचा रिवाज. कुणब्याचा नांगर, सुताराचा वाकस, बाईची बांगडी. या कागदावर काजळाचा एक गोल होता.

"ही बांगडी?" नाथाने विचारलं.

"बांगडीच असणार. बाई म्हटली की बांगडी."

"माझी आय रांडाव हाय, रावसाहेब. बाप गेल्यापास्नं तिच्या हातात बांगडी नाय. ती बांगडीची निशाणी करंल?"

"अरे, लिहिणारा काढतो ती. विधवा असो, सवाष्ण असो, त्याला काय त्याचं?"

नाथाने कागद उजेडात धरला. तिरका धरला. फळीवरून फिरवावा तसा त्या गोलावरून अंगठा फिरवला. "आणि येवढीशी? कंच्या बाईच्या हातात जाईल ही? आणि ही बघा, एका बाजूला चेपलीय. काढताना हात लटपटलाय. खोटं करणाराचा हात लटपटतोच." मग एकदम त्याने विचारलं, "बाजूला काय लिवलंय? बांगडीची म्हणून लिवलंय?"

"नुसतं 'निशाणी' लिहिलंय."

"बघा! लिवायलापन भ्याला."

झालं. नाथाने निकाल लावून टाकला. कागद खोटा. शिपायाने, नाहीतर त्याच्या भाऊबंदांनी शेवंतीला दटावून पाठवलेला. बावीस वर्षं डूख धरून बसलेत मेले! इतकं बारीक बघणारा माणूस, आणि बघितलं ते असं.

पण मन कुठे ऐकतं? आई खरंच आजारी असली तर? चार दिवस तो कागद काढायचा, गोलावरून अंगठा फिरवायचा आणि ठेवून द्यायचा. पाचव्या दिवशी तुळसाच म्हणाली, "मी जाते. मला कोण वळखतंय तिकडं?"

"तुला धरून ठेवतील आन् मला बोलावतील."

"कोन धरतंय मला? तुमीच येवढी वर्षं कधी धरलं न्हाई!"

"तू नाय जायचं," नाथा ओरडला, आणि विषय संपला.

तेव्हा महिपतरावांनी एक वाट दाखवली. म्हणाले, परमुलखातल्या माणसाला इंग्रज सरकारची रयत होता येतं, तसा कायदा आहे. अर्ज करायचा, साहेबासमोर शपथ घ्यायची, की सरकार दाखला देतं. "दाखला खिशात असला, की संस्थानचा माणूस तुला हात लावायच्या आधी दहा वेळा विचार करील. मग खुशाल जा आईकडे."

नाथाला ते पटलं. दाखला काढायचा आणि मग नदी ओलांडायची. अर्जाला वेळ किती लागेल? महिपतराव म्हणाले, "तू चालढकल केली नाहीस तर दीड-दोन महिने."

नाथाने चालढकल केली नाही, असं कोण म्हणेल?

अर्जात जन्मगाव लिहायचं होतं. नाथा म्हणाला, "गाव कशाला? हे तिकडं कळवतील." महिपतरावांनी त्याला समजवायला तीन दिवस घातले. मग वय. वय त्याला ठाऊक नव्हतं. "मोठ्या पटकीच्या साली पाळण्यात होतो," एवढंच ठाऊक. अंदाजाने बेचाळीस लिहिलं, तर याच्या डोक्यात आलं की नेमका आकडा लिहून आपल्याला कुठेतरी अडकवतायत. इथे किती वर्षं राहतोस, पुढे इथेच राहणार का, प्रत्येक ओळीवर त्याचं "कशाला?" ठरलेलं.

अर्ज लिहून झाला तेव्हा नाथाने वाकसाची निशाणी करायला चक्क नकार दिला. कागद उचलला, आगगाडीत बसून ठाण्याला गेला आणि तिथल्या एका अनोळखी पंतोजीकडून सगळा वाचून घेतला. महिपतरावांनी सांगितलं होतं तेच, अक्षर न् अक्षर. तरी परतताना हा विचार करत होता, त्या पंतोजीची न् महिपतरावांची ओळख तर नसेल?

महिपतरावांना हे कळलं, आणि त्यांचा पारा चढला. "नाथा, वीस वर्षं मी या झाडाखाली बसतोय. उठ, दुसऱ्याकडून लिहून घे!" मग तुळसा जाऊन रडली, हातापाया पडली, तेव्हा कुठे त्यांनी अर्ज पुन्हा हातात घेतला.

पुढे साक्षीदार. नाथाला ओळखणारे दोन भले गृहस्थ हवे होते. बंदरावर माणसं होती चिक्कार, पण याला एकही चालेना. हा संस्थानात लाकूड घेतो, तो गणूशी बोलतो, तिसऱ्याची नजर बरोबर नाही. यात महिना गेला. चैत्रात गणू पुन्हा आला. कागद नाही, नुसता तोंडी निरोप. "म्हातारी वाट बघतेय रं. इचारती, कागुद पोचला का."

"नदीवर पहारा कुणाचा हाय?" नाथाने विचारलं.

"पहारा? कसला पहारा? आरं, मी आयची गोष्ट सांगतोय तुला."

"तुला येवढी घाई का लागलीय मला न्यायची?"

गणू थुंकला, बैलांच्या पाठीवर आसूड ओढला आणि निघून गेला. नाथा तुळसाला म्हणाला, "बघितलंस? उत्तर नाय देता आलं."

अखेर साक्षीदार मिळाले. शपथेसाठी ठाण्याच्या कचेरीत हजेरी झाली. शपथेचे शब्द नाथाने तीनदा विचारून घेतले. साहेब कंटाळला, कारकून हसले. वैशाख सरला आणि ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात दाखला हातात आला. जाडजूड कागद, खाली तांबडा शिक्का. नाथाने तो मेणकापडात गुंडाळला आणि कडा राळेने बंद केल्या. मचव्याच्या फटीसारख्या. त्याच गुंडाळीत आईचा तो खोटा कागदही घातला. कुणी धरलंच तर साहेबाला दाखवायला पुरावा नको का?

दोन दिवस चालून तो नदीवर पोहोचला. पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडे जांभळीखाली संस्थानाचं नाकं होतं आणि तिथे एक म्हातारा नाकेदार पाय पसरून सुपारी कातरत बसला होता. म्हाताऱ्याने वर पाहून विचारलं, "कुठं?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा सुपारीत रमला.

नाथाला राहवेना. त्याने गुंडाळी फोडून दाखला त्याच्यासमोर धरला. "मी इंग्रज सरकारची रयत हाय."

"बरं मंग?" नाकेदार म्हणाला. "मला वाचता नाय येत. जा की."

नाथाने शेवटी त्या शिपायाचं नाव घेतलं. म्हटलं, तो अजून चाकरीला आहे का?

"तो? मरून बारा वर्सं झाली. पाठीत वाकलेला होता बिचारा. तरनेपनी आंब्यावरनं पडला होता ना."

"आंब्यावरनं?"

"त्यानंच सांगितलं समद्यांना."

नाथा तिथेच उभा राहिला. सुताराच्या पोराने बडवलं, हे सांगायची त्या शिपायाला लाज वाटली होती. कुठे फिर्याद नव्हती, कुठे नाव नव्हतं. कोण नाय शोधत तुला, घरला ये. बावीस माघ आई हेच सांगत आली होती, आणि हा तिच्या तोंडाकडे बघत फट शोधत बसला होता.

मग तो चालला नाही, पळतच सुटला.

दारात शेवंती तांदूळ निवडत होती. तिने भावाला ओळखलं. उठली नाही, रडलीही नाही. सुपातला हात तेवढा थांबला.

"अक्षय तिजंच्या तिसऱ्या दिवशी गेली," ती म्हणाली. "महिना झाला, दादा."

नाथा भिंतीला टेकून खाली बसला. पुटपुटला, "मला वाटलं, कागद खोटा हाय. आय बांगडीची निशाणी कशी करंल?"

"बांगडी?" शेवंती आत गेली आणि मूठ बंद करून बाहेर आली. "लिहिणारा बांगडीच काढत होता. आयनं त्याचा हात धरला. म्हनली, माज्या नाथ्याला असं पटायचं नाय, त्याला पटंल असं मी करते. मंग दिव्याचं काजळ घेतलं आन् हे बुडवून सोताच्या हातानं दाबलं. हात उचलत नव्हता, तरी."

तिने मूठ उघडली. आत लहान पोराच्या पायातला पितळी वाळा होता.

"तुजाच हाय. बानं नवा घडवून आणला, तर तू पायातला वढून काढलास आन् बाच्या हातोडीनं ठोकलास. हितं चेपला बघ. आय सगळ्यांना हसून सांगायची. शेवटपत्तुर म्हनत होती, वाळा बघितला की निघंल तो. वाळा वळखणार नाय, असं व्हायचं नाय."

नाथाने गुंडाळीतून आईचा कागद काढला आणि मांडीवर सरळ केला. वाळा त्या काजळाच्या गोलावर ठेवला. बरोबर बसला. चेपलेली जागा चेपलेल्या जागेवर आली.

दुसरा कागद शिक्क्यासकट जमिनीवर पडला होता. शेवंतीने तो उचलला, मातीत मळू नये म्हणून झटकला. "आन् ह्यो कसला, दादा?"

वाळा मुठीत घट्ट धरून नाथा लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडत होता.