पाचव्या व्हॉल्व्हची अठरा मिनिटं

आमच्या मळ्याला वीज देणारी डीपी जळाली तेव्हा वडिलांना जाऊन चार महिने झाले होते. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. नवी डीपी बसेपर्यंत नऊ दिवस गेले. ऊस कसाबसा तग धरून होता. मला घोर होता तो मोटारीच्या खोलीतल्या कंट्रोलरचा. ठिबकच्या सहा व्हॉल्व्हमधून कधी आणि किती मिनिटं पाणी सोडायचं, ते आबांनी त्यात भरलेलं होतं. त्यापायी त्यांनी अख्खा उन्हाळा शेतात काढला होता. पाणी देऊन झालं की खुरप्यानं माती उकरायची, ओल कुठवर गेली ते बोट घालून बघायचं, मग मिनिटं कमीजास्त करायची. मला त्यातलं काही येत नव्हतं, आणि आता विचारायला माणूस नव्हतं.

कंट्रोलर आणला मीच. आबांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. प्रत्येक आकडा ते कोळशानं भिंतीवर लिहायचे, शेजारी कारणही. 'तिसऱ्याला पन्नास. मुरूम हाय.' एवढी एकच ओळ मला आठवते, कारण ती दारासमोर होती. बाकीच्या मी कधी वाचल्याच नाहीत.

"आवं आबा, सगळं मशिनच्या डोक्यात हाय. भिंत कशाला काळी करताय?" मी एकदा चिडून म्हणालो.

"लाइट गेल्यावर त्येच्या डोक्यात काय ऱ्हातंय, कुणी बघितलंय?"

खंडेनवमीला मोटारीची पूजा असते. आदल्या दिवशी मी खोलीला आतून चुना दिला. आबा दारात उभे राहून बघत होते. त्यानंतर भिंतीवर त्यांनी पुन्हा काही लिहिलं नाही.

लाइट आली तशी मी खोलीत धावलो. कंट्रोलरचं घड्याळ शून्यावर आलं होतं. विट्याच्या मेकॅनिकला फोन लावला.

"आतला सेल संपलाय. त्यो नुसता घड्याळापुरता असतोय," तो म्हणाला. "आकडे चिपमधी असत्यात, त्यास्नी लाइट लागत न्हाई. बटन दाबून बघा एकेक."

पहिला, दुसरा. तिसऱ्याला पन्नास. सहाच्या सहा जागेवर होते. मी खताच्या पोत्यावर बसलो आणि आबा गेले त्या दिवशी आलं नव्हतं ते रडू तेव्हा आलं.

डोळे पुसून आकडे वहीत उतरवायला घेतले आणि पाचव्यापाशी अडलो. अठरा मिनिटं. चौथ्याला चाळीस, सहाव्याला चाळीस, आणि मधल्या याला अठराच. जमीन तर तीच दिसते. खाली खडक आहे, पाणी साठतं, की जुना पाट मुरतो? नखानं भिंतीवरचा चुना खरवडून बघितला. चुन्याबरोबर कोळसाही निघून हातात आला.

पाचव्याला आजही अठराच मिनिटं पाणी जातं. का, ते भिंतीवर लिहिलेलं होतं, आणि त्यावर चुना मी दिला होता.