केर काढला तेव्हा विमान आभाळातच होतं

मेहकरातला आमचा बालाजी किती लांबवर पोचतो, हा प्रश्न मला आधी कधी पडला नव्हता. लेकीचं विमान मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं तेव्हा पडला. तिला पाचवा महिना लागलेला, जावई तिकडे, आणि ती एकटी. अंतर साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास, असं मोबाईल सांगत होता. आमची मजल नागपूरपर्यंतची. एवढं अंतर म्हणजे नेमकं काय, हेच मला उमगेना. आणि तिथे वर, जिथे ना गाव ना देऊळ, तिथे देव हाकेला कसा धावणार?

आमच्याकडे घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढत नाहीत. विमान पहाटे चारला सुटलं होतं आणि तिकिटावर पोचायची वेळ सकाळी आठ लिहिलेली. चार तासांत अमेरिका. मला विमानाचं भारी कौतुक वाटलं. मग निश्चिंत मनाने सगळं घर झाडलं, केर उकिरड्यावर टाकला आणि चहा घेतला. दुपारी हे दुकानातून जेवायला आले, तर माझं ऐकून हसायलाच लागले.

"अवं, ते तिकडचे आठ," हे म्हणाले. "आपल्या इथं रात्र होईन. पोरगी आत्ता आभायातच हाये."

तिथलं घड्याळ आपल्या मागे चालतं, पृथ्वी गोल म्हणून विमान वरच्या अंगाने, बर्फाच्या मुलखावरून जातं, असं यांनी समजावलं. एरवी मी शंभर प्रश्न विचारले असते. त्या दिवशी मी उकिरड्यावरून सुपलीभर केर परत आणला आणि उंबऱ्याच्या आत ठेवला. हसा खुशाल, पण ठेवला. मग बालाजीच्या देवळात जाऊन बसले. म्हटलं, देवा, माझा हात काही तिथवर पोचत नाही. कुणाचा तरी पोचू दे.

रात्री फोन आला. लेक सुखरूप उतरली होती. अर्ध्या वाटेत तिच्या पोटात कळ आली होती आणि ती घाबरून रडायला लागली होती. तोवर शेजारच्या खुर्चीत मुकाट बसलेल्या म्हातारीने तिचा हात धरला. "काऊन रडून राह्यली वं? मी हाये ना," ती म्हणाली. आमच्याच जिल्ह्यातल्या मोताळ्याकडची बाई, मुलाकडे निघालेली. कळ थांबेपर्यंत ती लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पुढे डॉक्टरांनीही बाळ ठीक असल्याचं सांगितलं.

माझं गाऱ्हाणं पोचलं, असं मनात आलंच. पण लेक पुढे बोलत होती. त्या आजी विमानात पहिल्यांदाच बसलेल्या, भीतीने त्यांनी अन्नाला हात लावला नव्हता, आणि कुणाशी बोलायची सोय नव्हती.

"मला म्हणाल्या, मी देवाले म्हनत होती, आपल्या बोलीचं कोनी भेटू दे. तेवढ्यात तू 'आई गं' म्हनून रडली."

फोन ठेवला तेव्हा माझे डोळे वाहत होते. मी माझ्या लेकीसाठी माणूस मागत बसले होते, आणि देवाने माझी लेकच कुणासाठी तरी धाडली होती. मागणं आपलं, कुणाच्या हातून द्यायचं ते त्याचं. त्या आजींचं नाव लेकीने विचारलंच नाही. त्यामुळे रोज बालाजीपुढे त्यांच्या वाटचं मी नाव न घेता नुसतंच डोकं टेकवते.