पाण्याच्या टाकीचा स्टॉप

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आम्हाला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा गेल्या महिन्यात जे कानावर पडलं, त्यानंतर गप्प बसवत नाही — एवढंच.

विनू माझा धाकटा भाऊ. छत्तीस वर्षांचा, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. जन्मापासून त्याची समज हळू चालते. आकडे लागत नाहीत, एक वाक्य जुळवायला वेळ लागतो. आईबरोबर शनिवार पेठेत राहतो, आणि मी दोन गल्ल्या सोडून. माझ्या लग्नाच्या वेळी आधी त्या दोन गल्ल्या ठरल्या, मुलगा नंतर बघितला. हसा, हसा. मीही हे हसूनच सांगते लोकांना.

विनू रोज त्याच्यासारख्यांसाठी असलेल्या एका कार्यशाळेत जातो, कागदी पिशव्या करायला. तीन वर्षांपूर्वी तिथे ऋजुता नावाची नवी शिक्षिका आली. सव्वीस वर्षांची, उत्साह नुसता उतू चाललेला. आईला म्हणाली, "काकू, विनूदादाचा पुढचा प्लॅन आता आपण नाही करायचा. तोच करणार. आपण फक्त ऐकायचं." आणि खरंच, कार्यशाळेच्या भिंतीवर तिने हा एवढा मोठा कागद लावला, मध्ये विनूचा फोटो, वर ठळक अक्षरांत — 'माझा बेत'. हा बेत ठरवायच्या बैठकीला कुणाला बोलवायचं ते विनूने ठरवायचं. खायला काय, तेही त्याने. आधी कोण बोलणार, तेसुद्धा! त्याने बटाटेवडे सांगितले, आणि म्हणाला, "आईने शेवटी बोलायचं." सगळे हसले. आईपण हसली.

मग प्रश्न सुरू झाले. विनूदादा, सकाळी उठल्यावर तुला काय आवडतं? कशाची भीती वाटते? बसायला कुठे आवडतं? सहा माणसं हातात वडे धरून त्याच्या तोंडाकडे बघत बसलेली. तो एकेका उत्तराला पाच-पाच मिनिटं घेतोय आणि घड्याळाकडे कुणी बघत नाही. "खिडकीशी," तो म्हणाला, आणि ऋजुताने ते हिरव्या पेनाने कागदावर लिहिलं. खिडकीशी!

माझ्या पोटात दुखलं. दुसरा शब्द शोधत नाही मी, तोच बरोबर आहे. अहो, मला कुणी कधी विचारलं होतं, बाई गं, तुला कुठे बसायला आवडतं?

बारावीनंतर मला अहमदाबादला कापडाच्या डिझाइनच्या कोर्सला ॲडमिशन मिळाली होती. पत्र घेऊन मी जेवायच्या वेळी बाबांसमोर उभी राहिले. त्यांनी ते वाचलंसुद्धा नाही. म्हणाले, "आणि विनूकडे कोण बघणार?" मग म्हणाले, "आमटी वाढ." मी आमटी वाढली. एक शब्द बोलले नाही — 'पण बाबा' एवढंसुद्धा नाही. आता एका शाळेच्या ऑफिसात बसते, मुलांचे दाखले लिहिते. अक्षर चांगलं आहे माझं. मी लिहिलेलं कुणी तपासत नाही.

हे कारण म्हणून सांगत नाहीये. नीट ऐका, कारण नाहीये हे. नुसतं झालं ते सांगतेय.

तर विनूचा बेत असा होता — शहराबाहेर मांजरी गावाला जायचं. तिथे कदमकाकांची रोपांची नर्सरी आहे. कार्यशाळेची सहल गेली होती तेव्हा विनूने दिवसभर काळ्या पिशव्यांत माती भरली आणि निघताना रडला. त्याला तिथे काम करायचं होतं. "मातीचा वास येतो," म्हणाला. ऋजुताने काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "पाठवा की. पिशव्या भरायला मानूस लागतोच हाय. पर एकट्यानं आलं पायजे, मी काय आनायला यायचो नाय." झालं! मनपाच्या स्टॉपवर बस पकडायची, तिकीट काढायचं, मांजरीत पाण्याची टाकी दिसली की उतरायचं. चार महिने ऋजुता आणि विनू हेच गिरवत होते.

शेवटी तीन चाचणी फेऱ्या ठरल्या. बरोबर कुणीतरी जायचं, पण मागच्या सीटवर बसायचं, मदत करायची नाही, फक्त बघायचं आणि कागदावर होय-नाही लिहायचं. दोन फेऱ्यांना ऋजुता गेली. दोन्ही छान झाल्या. तिसरी घरातल्या माणसाबरोबर. कोण, ते अर्थातच विनूने ठरवायचं.

"ताई," तो म्हणाला. "ताई खरं सांगते."

मंगळवार होता. बरोबर बस ओळखली त्याने. तिकीट काढलं, वरच्या खिशात ठेवलं. खिडकीशी बसला. नियम म्हणून एकदाही मागे वळून बघितलं नाही. मांजरी आली, टाकी दिसली, तो उठून दाराशी गेला. पण उतरणारं दुसरं कुणी नव्हतं, ड्रायव्हरने बस तशीच पुढे दामटली. मी सीटवरून अर्धी उठले — आणि विनू ओरडला.

"थांबवा! माझा स्टॉप आहे!"

करकचून ब्रेक. कंडक्टर वैतागला, "अहो, आधी सांगायचं ना!" आणि माझा भाऊ, ज्याला एक वाक्य जुळवायला पाच मिनिटं लागतात, तो म्हणाला, "आधीच उभा आहे मी." अख्खी बस हसली. त्याला नाही, कंडक्टरला. विनू ऐटीत खाली उतरला.

त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं ना? अभिमानाने? माझ्या मनात आलं — ह्याच्यासाठी बस थांबते. हा एकदा ओरडतो आणि थांबते. मलाही तोंड होतं की.

मी त्याच्या मागोमाग उतरले. तो नर्सरीच्या दिशेने चालायला लागला. मी रस्त्याकडेला उभी राहून, पर्सवर कागद ठेवून, चार प्रश्नांपुढे 'होय' लिहिलं. पाचवा होता — योग्य स्टॉपवर स्वतःहून उतरला का? मी लिहिलं, 'नाही'. खाली शेरा मारला — 'स्टॉपवर उठला नाही. मी हाक मारल्यावर उतरला.' सुवाच्य अक्षरात.

पुढच्या बैठकीत ऋजुताने तो कागद वाचला आणि तिचा चेहराच उतरला. विनू म्हणाला, "नाही. मी ओरडलो. बस थांबली." सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हाही वेळ गेली नव्हती. मी काय म्हणाले? म्हणाले, "अरे विनू, मीच नाही का हाक मारली तुला? विसरलास?"

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. कपाळावर आठ्या घालून तो दिवस पुन्हा आठवत होता, मला दिसत होतं. मग हळूच म्हणाला, "असेल. ताई खोटं नाही बोलत."

कदमकाकांनी दुसरा माणूस ठेवला. वर्षभरात ऋजुता गेली. 'माझा बेत' गुंडाळून आईच्या कपाटामागे उभा आहे. विनू आता खालच्या वाण्याकडेही एकटा जात नाही; मला फोन करतो, येतेस का म्हणून. मी जाते. आई सगळ्यांना सांगते, बहीण असावी तर अशी.

गेल्या महिन्यात कार्यशाळेत नवे सर आले. मी विनूला आणायला गेले तेव्हा ते त्याला विचारत होते, "विनायक, तुला एकट्याने बसने यायला आवडेल का? शिकूया आपण."

मी दारातच होते. त्याने मला पाहिलं नव्हतं. त्याने वाक्य जुळवलं, आणि सरांना समजावून सांगावं तसं म्हणाला, "मला नाही जमत. ताईने बघितलंय."