जावयाच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय

नात परीक्षेसाठी इंग्रजी शब्द पाठ करते आणि मी भाजी निवडता निवडता ते फुकटात शिकते. परवा शब्द आला, 'बिस्ट्राइड'. म्हणजे एखाद्या गोष्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून उभं राहणं. घोड्यावरच्या स्वारालाही चालतो, ओढ्यावरच्या पुलालाही चालतो म्हणे. मी म्हटलं, एवढ्याशा कामाला वेगळा शब्द? इंग्रजांना रिकामा वेळ फार!

दुसऱ्याच दिवशी दुपारी आमरस खाऊन सगळे हॉलमध्ये कूलरपुढे आडवे झाले. सोलापूरचा मे महिना, दुसऱ्या खोलीत कोण झोपणार? इतक्यात शेजारीण ओरडली, "पाणी आलं हो!" आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही त्याच्या मर्जीनं. घर पाहुण्यांनी भरलेलं आणि हौदात नुसता गाळ. नळ अंगणात, आणि दारात आडवे पसरलेले जावई. कधी नव्हे ते राहायला आलेले, त्यांना उठवायचं कसं?

मी साडी सावरली आणि एक पाय पलीकडे टाकला. दुसरा उचलायला गेले, तर गुडघ्यानं साफ नकार दिला. खाली जावई, वर मी.

मंद्रूपहून आलेली माझी नणंद कोपऱ्यात जागीच होती. "वैनी! झोपलेल्या माणसाला वलांडतंय व्हय कुणी? वाढ खुटती की! मागं फिरा!"

"वन्सं, चाळिशी उलटलीय त्यांची. आता काय वाढायचं राहिलंय?"

"प्वाट वाढतंयच की अजून!"

"आणि मी ओलांडलेलं नाहीच," मी ठासून सांगितलं. "याला बिस्ट्राइड म्हणतात."

नात उशीत तोंड खुपसून खिंकाळली. त्या आवाजानं जावयांनी डोळे उघडले. बघतात तर वर सासू. अंग चोरून म्हणाले, "आई, मी हलू का नको?"

"हलू नका, पडेन मी! पाणी आलंय हो!"

पाणी म्हटल्यावर मात्र त्यांना राहवेना. तेही मूळचे इथलेच. पाठीवर सरकत सरकत माझ्याखालून निसटले आणि धावत जाऊन नळाला नळी लावली.

हौद काठोकाठ भरला. वाटलं, सुटले. पण वन्संनी ओल्याचिंब जावयांना पुन्हा दारात आडवं केलं. "अर्धं वलांडलं तर अर्धं, पर उलटं फिरल्याबिगर दोष जात न्हाई. या वैनी, हिकडं."

नातीनं एक हात धरला, वन्संनी दुसरा. कशीबशी परत आले.

खालून जावई म्हणाले, "आई, उंची मोजून घ्यायची का आता?"