आईचे गार हात

आईचे हात कायम गार असायचे. पनवेलच्या मासळीबाजारात बर्फाच्या पाटीत हात घालून तिनं जन्म काढला. लहानपणी माझा ताप ती कधी हातानं बघत नसे. "माज्या हाताला सगलंच जग तापलेलं लागतं," म्हणायची आणि गाल माझ्या कपाळाला टेकवायची.

मी कामोठ्यात जीवशास्त्राचे क्लास घ्यायचो. तिनं बाजार सोडला त्याच्या पुढच्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी बघतो तर ती गोधडी घेऊन बसलेली.

"पंखा बंद कर, बाला. मना थंडी वाजते."

मी तिचा हात हातात घेतला. गार, नेहमीसारखा.

"ताप नाही तुला. मे महिन्यात कसली थंडी?"

"मास्तर सांगतो म्हंजे नसंल," ती हसली. "कवा येशील?"

सुट्टीतली जादा बॅच होती. गेलो.

धडा शरीराच्या तापमानाचाच होता. मुलांना दाखवायला घरातला थर्मामीटर बॅगेत टाकून नेला होता. मासा पाण्याइतकाच गार. सरड्याला ऊब हवी तर उन्हात जाऊन बसावं लागतं. पक्षी आणि आपण मात्र कोट्यवधी वर्षांत ती आतच पेटती ठेवायला शिकलो, असं मी रंगवून सांगत होतो. एका मुलीनं विचारलं, "सर, मग ताप चढताना थंडी का वाजते?"

मी फळ्यावर काढून दाखवलं. मेंदू तापमानाची रेघ वर सरकवतो. शरीर तिथवर पोचेपर्यंत आपण कुडकुडतो. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, ऊब आत राखली जाते. "म्हणून अंग भाजत असलं तरी हात गार लागू शकतात. हात बघून ताप ठरवू नका."

मुलं लिहून घेत होती. माझ्या ते तिथंच लक्षात आलं. तास संपायला अजून अर्धा तास होता. मी तो पुरा घेतला. का, ते आजही सांगता येत नाही. बहुतेक, मधेच उठलो तर ते खरं ठरेल असं वाटलं असावं.

घरी आलो तर ती हाकेला ओ देत नव्हती. हात गारच. मग तिच्या कपाळाला गाल टेकवला. चटका बसला.

जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. तिसऱ्या दिवशी ती गेली.

दवाखान्याच्या पायरीवर बहिणीनं विचारलं, "सकाली ताप बघितलेलास ना?"

"बघितला," मी म्हणालो. "नव्हता."

थर्मामीटर तेव्हाही खांद्यावरच्या बॅगेतच होता.