मैत्रिणीच्या आईचा डोंगर

कुवेतच्या सलवा भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी नर्स सहा वर्षं एकत्र राहिलो. मी रत्नागिरीकडची, ती फिलिपिन्सची. १९८० नंतरची ती पहिली काही वर्षं. तिचं गाव एका जागत्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी होतं आणि तिची विधवा आई तिथे एकटीच राहायची. पत्र यायला उशीर झाला की हिचं जेवणावरचं लक्ष उडायचं.

एका वर्षी आमची रजा एकदमच मंजूर झाली. ती म्हणाली, "या खेपेला माझ्याबरोबर चल. आईला माझ्या बहिणीकडे मनिलाला न्यायचंय. माझं ती ऐकत नाही, परक्या माणसाचं कदाचित ऐकेल."

आठ दिवस उशिरा येते असं मी घरी कळवलं आणि तिच्याबरोबर गेले.

कुवेतमध्ये नजर जाईल तिथवर सपाट वाळू बघायची सवय झालेली, त्यामुळे असेल, पण पहिल्या दिवशी मी त्या डोंगराकडे बघतच राहिले. सुपात धान्याची रास ओतावी तसा तो सरळ निमुळता होत गेलेला. शेंड्यावर धूर होता, तोही चुलीतून निघावा एवढाच.

डोंगराचा वरचा भाग राखीव जंगल होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथला वनरक्षक आम्हाला घेऊन निघाला, तर तिची आईही पायात रबरी चपला घालून, हातात कोयती घेऊन तयार. सत्तरीला टेकलेल्या त्या बाई आमच्या पुढे चालत होत्या. आधी माड, मग केळीसारखी दिसणारी, दोर वळायच्या वाखाची झाडं, मग उंच नेचे आणि दाट सावली. पक्षी खूप होते, पण एकाचाही आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. जंगल संपलं तिथे काळ्या दगडांची उघडी घळ लागली. हवेत गंधकाचा वास होता. तळपायांना बारीक थरथर जाणवली, म्हणून मी थांबले.

"रोजचंच आहे," वनरक्षक म्हणाला. "पण इथून पुढे मी कुणालाच सोडत नाही."

परतताना, जंगलाच्या हद्दीबाहेर आल्यावर आई वाट सोडून थिजलेल्या लाव्ह्याच्या एका काळ्या उंचवट्यावर चढल्या. पायाखाली बोट दाखवून काहीतरी म्हणाल्या. मैत्रिणीनं मला सांगितलं, "इथे खाली आमचं जुनं घर आहे. माझ्या जन्माआधीचं. ती उभी आहे ना, तिथे चूल होती."

दगडांच्या फटींतून अळू उगवलं होतं, गुडघ्याएवढं. आई वाकून पानं कापू लागल्या. मी मदतीला बसले आणि हातखुणांनी सांगितलं, आमच्याकडेही हे नारळ घालून करतात. त्यांनी बजावलं, नारळाचं दूध आटेपर्यंत ढवळायचं नाही, नाहीतर घसा खाजतो. आम्ही चिंच किंवा आमसूल घालतो, मी म्हटलं. मैत्रीण दोन्ही बाजूंचं सांगत होती आणि हसत होती.

मग मला वाटलं, आत्ताच विचारावं. "आई, तुम्ही इथे एकट्या असता, तर हिचा जीव तिकडे टांगणीला लागतो. मनिलाला का जात नाही?"

मैत्रिणीनं ते सांगितलं. आई पानं जुडीत बांधत सावकाश बोलल्या. या वेळी सांगायचं सोडून मैत्रीण खाली पडलेली पानं गोळा करू लागली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणते, तुमच्या कुवेतच्या शेजारी लढाई चाललीय, ते मी रोज रेडिओवर ऐकते. तेलाची जहाजं बुडवतात म्हणे. मी तुला कधी म्हटलं का, परत ये म्हणून?"

मैत्रिणीनं आईच्या हातातली जुडी घेतली आणि आम्ही खाली आलो. मनिलाचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. निघायच्या आदल्या दिवशी तिनं एवढंच कबूल करून घेतलं, की वनरक्षक निरोप देईल त्या दिवशी आईनं लगेच तालुक्याच्या गावी जायचं.

पुढे दोनेक वर्षांनी डोंगर खरंच उसळला. ते आम्हाला वर्तमानपत्रातून कळलं. तीन आठवडे ती रोज ड्युटीवर जाऊन आली. आल्याबरोबर टपाल बघायची. मग आईनं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं पत्र आलं. वनरक्षकाचा निरोप येताच आई कोंबड्या टोपल्यांत घालून खाली उतरल्या होत्या, शाळेत राहिल्या होत्या आणि आता घरी परतून छपरावरची राख झाडत होत्या.

तिनं पत्र मला इंग्रजीत वाचून दाखवलं. मग पांढरा गणवेश चढवला, केस बांधले आणि दुपारच्या पाळीला निघून गेली.