आबांच्या बांधावरचा दगड

आबांच्या रानात शिरायचं तर आधी खिसा रिकामा करावा लागे. बांधावर एक चपटा दगड होता. "पावणं, काडीपेटी आसंल तर ठेवा की हितं. जाताना न्ह्या." तलाठी असो की ऊसतोडीचा मुकादम, कुणाची सुटका नव्हती. मी बिडी ओढणारा, त्यामुळे माझी दर खेपेला जप्त व्हायची. परतताना ती तिथंच असे, दमट होऊ नये म्हणून उसाच्या पानात नीट गुंडाळलेली.

कळंब्याच्या पुढं त्यांचं दोन एकर रान होतं. ऊस तुटला की मागं उरलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, सगळं गाव पेटवून देई. एका दुपारात रान साफ. आबा मात्र ते सऱ्यांत पसरून कुजवत. लोक हसत, पण आबांच्या ते गावीही नसे. पाचटाखाली हात घालून मूठभर माती काढायचे आणि माझ्या नाकाशी धरायचे. "वास घ्या. हिला बी खायाला लागतंय की." हातावर गांडूळ आलं, तर "जा बाबा कामाला" म्हणत परत पाचटाखाली सोडायचे.

मी तेव्हा एका संस्थेत होतो. पाचट न जाळता जो माती-पाणी-हवा राखतो, त्या शेतकऱ्याला त्या राखणीचा मोबदला द्यायचा, अशी आमची योजना. अट एकच, तीन वर्षं रानात आग दिसता कामा नये. आबा खो खो हसले. "म्हंजे काम गांडुळांचं, पगार माज्या नावावर!"

मग मुलाचं बोलणं काढलं. त्यांचा मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत, फौंड्रीत कामाला. जमीन शेजाऱ्याला खंडानं देऊन मोकळं व्हायचा धोशा त्यानं लावला होता. हे पैसे आले तर रान आपल्याच हातात राहील, एवढीच आबांची आशा. "मिळत्यात न्हवं, पावणं?"

"मिळणार म्हणजे मिळणार, आबा." हे मी बोललो होतो, दुसऱ्या कुणी नाही.

तिसऱ्या वर्षी शेजाऱ्यानं वारं सुटलेलं असताना आपलं पाचट पेटवलं. आग बांध ओलांडून आली. त्याचं रान लगेच विझलं. आबांचं, जपून दाट पसरलेलं पाचट, संध्याकाळपर्यंत जळत राहिलं. मी पोचलो तेव्हा आबा एकटेच घमेल्यानं पाटाचं पाणी मारत होते. भुवया जळल्या होत्या.

पंचनामा, फोटो, गावकऱ्यांचे जबाब, सगळं जोडलं. वरून एकच उत्तर, उपग्रहाच्या फोटोत शेत जळालेलं दिसतं. कुणी जाळलं याला फॉर्मात रकानाच नव्हता. वर्षभर मी भांडलो. तोवर पुढचा ऊस तुटला आणि आबांनी पुन्हा पाचट पसरलंसुद्धा. मग अर्ज कायमचा फेटाळल्याचं पत्र आलं. ते घेऊन मीच गेलो.

आबांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. पैशाचं अवाक्षर काढलं नाही. "म्हंजे मी जाळलं, आसं लिवलंय व्हय?" हे मात्र दोनदा विचारलं.

"पैसं येईनात म्हणून पोरानं रान दिलं शेजाऱ्याला खंडानं," ते म्हणाले. "उद्यापासनं त्येचं. पाचट जाळून टाकणार म्हंटलाय."

सवयीनं मी काडीपेटी दगडावर ठेवली होती. आबांनी ती उचलली. मी त्यांचा हात धरला. "आबा, नको."

"त्येनं जाळण्यापरास मी जाळतो की. आज तवर माजंच हाय न्हवं?"

आधी त्यांनी वाकून पाचट बाजूला सारलं. गांडुळांसकट ओंजळभर माती उचलली आणि ओढ्याकाठच्या गवतात नेऊन सोडली. तीन-चार खेपा केल्या. दोन एकर रान माणूस ओंजळीनं किती हलवणार? मग कंबर धरून उभे राहिले आणि काडी ओढली.

धुरात आम्ही दोघंही रडत होतो, आणि ते लपवायची गरज दोघांनाही वाटली नाही. थोड्या वेळानं आबांनी काडीपेटी दगडावर परत ठेवली, "न्ह्या, तुमची हाय" म्हणाले, आणि ती गुंडाळायला पान शोधू लागले. बराच वेळ शोधत होते. दगडाच्या आसपास एकही उरलं नव्हतं.